नाव पुसलेला व्हॉल्व्ह

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी मी जुन्या रेडिओतला जो व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काळातली काचेची निर्वात नळी, विकत घेतला, तो विक्रेत्याने माझ्या हाती देण्याआधी थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने चांगला घासून पुसला. गिऱ्हाइकाला माल चकचकीत मिळावा एवढाच त्याचा हेतू होता आणि त्यात खोट काढता येणार नाही; मात्र काचेवर जी काही पांढरट अक्षरे उरली असतील, ती त्या चिंधीबरोबर गेली. शेजारी अशीच धुऊनपुसून ठेवलेली आणखी दोन लहान नळकांडी होती. “ईएल चौऱ्याऐंशी आहे साहेब, डोळे झाकून घ्या,” असे तो मोठ्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवून म्हणाला, आणि तिन्ही मिळून दीडशे रुपयांत सौदा होत असल्यामुळे मी खरोखरच डोळे झाकून ते घेतले.

ईएल८४ या नावाचा मोह का पडतो, हे ज्यांचा व्हॉल्व्हशी कधी संबंध आला नाही त्यांना सांगायला हवे. फिलिप्सने १९५३ मध्ये आणलेला हा नऊ पिनांचा आउटपुट पेंटोड, म्हणजे लाउडस्पीकर हलवण्याइतकी ताकद पुरवणारा शेवटचा व्हॉल्व्ह, एकेकाळी असंख्य घरगुती रेडिओंत बसवलेला असे. आज त्याला मागणी आहे ती मुख्यतः गिटार वाजवणाऱ्यांकडून आणि व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर गाणी ऐकणाऱ्या शौकिनांकडून. व्हॉक्स एसी३० या नावाजलेल्या इंग्लिश ॲम्प्लिफायरमध्ये चार ईएल८४ असतात, एवढे सांगितले तरी पुरे. युरोपातल्या जुन्या कारखान्यातून निघालेला धडधाकट ईएल८४ पन्नास रुपयांत मिळणे हा नशिबाचाच भाग म्हणावा लागेल, आणि आपले नशीब तसे आहे असे मानायला त्या सकाळी मी अगदी तयार होतो. पुढचा सगळा घोळ त्या तयारीतून झाला.

विक्रेत्याला बोल लावण्याचा मला तसा अधिकारही नाही. दोनेक वर्षांपूर्वी एका माळ्यावरून उतरवलेल्या रेडिओतला एक व्हॉल्व्ह मी स्वतः भांड्याच्या साबणाने धुतला होता, आणि फेस उतरला तेव्हा माझ्या हातात एक अत्यंत स्वच्छ, अत्यंत निनावी काच उरली होती. जुन्या व्हॉल्व्हवरची छपाई बहुधा काचेत मुरलेली नसते, ती वर नुसती बसलेली असते. पन्नास-साठ वर्षांच्या उष्णतेने तिची पकड आणखी सैल होते आणि ओल्या बोटाच्या एका फटकाऱ्यातही ती निघून येते. म्हणून धूळ माखलेला व्हॉल्व्ह हाती आला की आधी तो तसाच उजेडात धरावा, फोटो काढावा आणि मगच, अक्षरे नाहीत तेवढ्याच भागावरून, कोरडा कुंचला फिरवावा.

तरीही गेलेली अक्षरे कधीकधी क्षणभर परत येतात. शाई उडाली तरी जिथे ती होती तिथला काचेचा पृष्ठभाग आजूबाजूच्या काचेपेक्षा किंचित निराळा राहतो, आणि वाफ त्या दोन जागी सारखी बसत नाही. चष्मा पुसण्यापूर्वी आपण काचेवर तोंडाची वाफ सोडतो तशी व्हॉल्व्हवर सोडून, टॉर्च आडवा धरून पाहिले तर अर्धवट अक्षरे उमटलेली दिसू शकतात. त्याने भागले नाही तर व्हॉल्व्ह तासभर फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढायचा आणि त्यावर दव धरू लागताच भिंगाने न्याहाळायचा. काही जुनी मंडळी व्हॉल्व्ह कपाळावर किंवा केसांवर हलकेच घासतात. त्या तेलकटपणाने पुसट छपाई उठून दिसते, आणि हा उपाय ऐकायला कितीही हास्यास्पद वाटला तरी मी तो यशस्वी झालेला पाहिला आहे. माझ्या व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र थिनरने काही शिल्लक ठेवले नव्हते. वाफ, फ्रीजमधल्या मेथीच्या जुडीशेजारचा मुक्काम आणि माझे कपाळ हे तिन्ही उपाय करून झाल्यावर काचेवर नावाचे एकही अक्षर उमटले नाही.

उमटले ते निराळेच. तळाशी, पिनांच्या जरा वर, काचेवर करड्या रंगाची बारीक चिन्हे होती. फिलिप्स आणि तिच्या गटातल्या कारखान्यांत व्हॉल्व्हच्या नावाव्यतिरिक्त दोन ओळींचा एक संकेत काचेवर टाकण्याची पद्धत होती, आणि तो वरच्या छपाईपेक्षा पुष्कळच टिकाऊ असतो. पहिल्या ओळीत व्हॉल्व्हच्या प्रकाराची खूण आणि त्याच्या रचनेत झालेल्या बदलाचा क्रमांक असतो. दुसऱ्या ओळीत कारखान्याची खूण, वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर आणि महिन्यातला आठवडा. ईएल८४ची खूण ‘आरएक्स’ अशी असते, त्यामुळे पहिली ओळ वाचता आली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण नेमकी तीच ओळ घासली गेली होती. दुसऱ्या ओळीत त्रिकोण, एक, ई आणि तीन एवढे स्पष्ट दिसत होते. त्रिकोण म्हणजे नेदरलँड्समधल्या हेर्लेनचा कारखाना, ई म्हणजे मे महिना, तीन म्हणजे तिसरा आठवडा. वर्षाचा एकच आकडा देण्याची काटकसर ज्याने केली, त्याच्या मनात हा व्हॉल्व्ह दहा वर्षांहून अधिक टिकेल असे आले नसावे. त्यामुळे १९६१ आणि १९७१ यांत निवड करायला हा संकेत असमर्थ आहे. अशा रीतीने व्हॉल्व्हचे गाव कळले, जन्माचा महिना कळला, आणि नाव काही कळले नाही.

मग मी आत पाहायला सुरुवात केली. व्हॉल्व्हचा एक मोठा गुण असा की त्याची सगळी यंत्रणा काचेआड उघडी असते. आयसीसारखे काळ्या प्लॅस्टिकमध्ये काही दडवलेले नसते. माथ्यावर गेटरचा आरसा, म्हणजे बेरियमचा चंदेरी थर, शाबूत होता. हवा आत शिरली तर हा थर दुधासारखा पांढरा होतो आणि मग पुढची तपासणी करण्यात अर्थ राहत नाही. तळाशी नऊ पिना होत्या आणि त्यांच्या वर्तुळात एका ठिकाणी जास्त अंतर सोडलेले होते. तळ आपल्याकडे धरून त्या मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजले की एक ते नऊ हा क्रम मिळतो. मधे करड्या-काळ्या रंगाची एकच मोठी प्लेट, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणारा धातूचा पत्रा, होती. दोन प्लेट असत्या तर दुहेरी ट्रायोडचा, म्हणजे एकाच काचेतल्या दोन साध्या व्हॉल्व्हचा, किंवा रेक्टिफायरचा, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हचा, विचार करावा लागला असता. एक मोठी आणि एक लहान अशी जोडी असती तर ट्रायोड आणि पेंटोड एकाच काचेत बसवलेल्या ईसीएल८२सारख्या व्हॉल्व्हचा.

वरच्या अभ्रकाच्या चकतीवर दहापट भिंग धरले तेव्हा मधोमध कॅथोडची, म्हणजे तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची, लहानशी नळी दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन काड्यांची टोके. प्रत्येक ग्रिड, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावर ताबा ठेवणारी तारेची जाळी, दोन काड्यांभोवती गुंडाळलेली असते, म्हणून सहा काड्या म्हणजे तीन ग्रिड, आणि तीन ग्रिड, कॅथोड व प्लेट मिळून झाला पेंटोड. तळाच्या काचेतून पिनांच्या तारांचा माग काढला: दोन नंबरची पिन कॅथोडला सर्वांत जवळ असलेल्या ग्रिडकडे, तीन नंबरची कॅथोडकडे आणि तिसऱ्या ग्रिडकडे, चार आणि पाच हीटरकडे म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेकडे, सात प्लेटकडे, नऊ दुसऱ्या ग्रिडकडे म्हणजे स्क्रीनकडे. ही सर्व जोडणी ईएल८४च्या तक्त्याशी तंतोतंत जुळत होती. तक्ता समोर ठेवून एकेका तारेवर खूण करत असताना मला जो आनंद होत होता, तो परीक्षेत आधीच पाठ केलेला प्रश्न आल्यावर होतो तसला होता.

त्या आनंदात मी ईएल८४च्या हीटरला लागतात ते ६.३ व्होल्ट चार आणि पाच नंबरच्या पिनांना दिले. ईएल८४चा हीटर ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर घेतो आणि अर्ध्या मिनिटात कॅथोडच्या टोकाशी नारिंगी उजेड दिसू लागतो. इथे पाच मिनिटे झाली तरी काहीही उजळले नाही, काच थंडच राहिली आणि सप्लायच्या मीटरवर ०.०३५ अँपिअरचा फुटकळ आकडा दिसत होता. व्हॉल्व्ह मेला आहे, असा निकाल मी दिला आणि बाजारातल्या त्या माणसाविषयी मनातल्या मनात दोन शब्दही बोललो.

वस्तुतः मेलेला हीटर म्हणजे तुटलेला हीटर, आणि तुटलेल्या हीटरमधून ०.०३५ अँपिअरसुद्धा जात नाही. हे साधे गणित मला रात्री जेवताना सुचले. सप्लाय मी तसाच चालू ठेवला होता. तो बंद करून लगेच त्याच दोन पिनांना ओहममीटर लावला, तेव्हा आकडा दीडशेच्या वर होता आणि माझ्या डोळ्यांदेखत उतरत चालला होता. एकशे चाळीस, एकशे दहा, नव्वद. पाचसात मिनिटांनी तो ६८ ओहमवर येऊन थांबला. हीटर जिवंत होता, सव्वासहा व्होल्टांनी थोडासा कोमटही झाला होता आणि आता निवत होता. तो ईएल८४चा हीटर मात्र नव्हता.

निनावी व्हॉल्व्ह ओळखताना ही थंड हीटरची मोजणी मी आता सर्वांत आधी करतो, आणि ती आधी का केली नाही याचे उत्तर माझ्याजवळ ‘मोह’ एवढेच आहे. टंगस्टनच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. व्हॉल्व्हच्या हीटरचा पूर्ण तापलेला रोध थंड रोधाच्या साधारण पाच ते सात पट असतो. ईएल८४च्या बाबतीत ६.३ भागिले ०.७६ म्हणजे तापलेला रोध सुमारे ८.३ ओहम येतो, तेव्हा थंड असताना मीटरने दीड ओहमच्या आसपास आकडा दाखवायला हवा, इतका लहान की त्यातून मीटरच्या वायरींचा रोधही वजा करावा लागतो. माझ्या व्हॉल्व्हचे ६८ ओहम म्हणजे तापल्यावर साडेतीनशे ते पावणेपाचशे ओहम. एवढा रोध असलेला हीटर सव्वासहा व्होल्टांचा असूच शकत नाही. त्याला किती तरी जास्त व्होल्ट आणि त्या मानाने अगदी थोडा करंट लागणार हे उघड होते.

युरोपीय व्हॉल्व्हचे नाव ज्या पद्धतीने ठेवतात ती इथे कामाला येते. ही पद्धत १९३४ पासूनची आहे आणि तिच्यातले पहिले अक्षर केवळ हीटरविषयी बोलते. ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पी म्हणजे ०.३ अँपिअर, आणि यू म्हणजे ०.१ अँपिअर, या दोन अक्षरांत व्होल्टेज ठरलेले नसते, कारण ते व्हॉल्व्ह एकामागे एक माळेसारखे जोडायचे असतात आणि माळेत सगळ्यांतून करंट सारखाच वाहायला हवा, व्होल्ट ज्याचे त्याने आपापले घ्यावेत. पुढची अक्षरे आतली रचना सांगतात, उदाहरणार्थ सी म्हणजे ट्रायोड, एफ म्हणजे लहान पेंटोड, एल म्हणजे आउटपुट पेंटोड, झेड म्हणजे फुल-वेव्ह रेक्टिफायर. आणि आठने सुरू होणारा दोन आकडी क्रमांक नऊ पिनांचा हा तळ दर्शवतो. माझ्या व्हॉल्व्हपुरते एल आणि आठ ही दोन चिन्हे डोळ्यांनी पाहून ठरली होती. पहिल्या अक्षरासाठी ६८ ओहमची साक्ष होती. पी गटातल्या पीएल८४ला १५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर लागतात, म्हणजे तापलेला रोध ५० ओहम आणि थंड असताना सातआठ. तोही बाद झाला. उरले यू हे अक्षर.

यू गटाचे व्हॉल्व्ह आपल्याकडे का सापडतात याचे उत्तर माझ्या आईच्या एका आठवणीत आहे. लहानपणी त्यांच्या घरी जो रेडिओ होता त्याच्या मागच्या बाजूला हात लावायला सक्त मनाई होती, आणि एका बटणाची टोपी पडली तेव्हा त्या उघड्या दांडीला कोणीही शिवू नये म्हणून आजोबांनी तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला होता. तो एसी-डीसी रेडिओ असणार. भारतातल्या काही शहरांत त्या काळी घरोघर डीसी वीज येत असे आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर वगळला की रेडिओ हलकाही होतो आणि स्वस्तही. मग हीटरांची माळ करून ती थेट घरच्या विजेवर लावायची. यूसीएच८१चे १९ व्होल्ट, यूएफ८९चे १२.६, यूएबीसी८०चे २८.५, यूएल८४चे ४५ आणि यूवाय८५चे ३८ मिळून १४३ व्होल्ट होतात. २३० मधून उरलेले ८७ व्होल्ट एका जाडजूड रेझिस्टरमध्ये जाळून टाकायचे. ०.१ अँपिअरला हा रेझिस्टर ८७० ओहमचा लागतो आणि तो जवळजवळ नऊ वॉट उष्णता देत बसतो. अशा रेडिओचे चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, विजेच्या एका तारेला सरळ जोडलेले असते, आणि प्लग उलटा बसला तर आजोबांच्या ट्यूबच्या तुकड्याशिवाय मधे दुसरे काही नसते. हे रेडिओ दुरुस्त करताना मी आजही आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय, म्हणजे रेडिओला घरच्या विजेपासून अलग ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय, स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी सप्लायच्या दोन्ही बाजू एकामागे एक जोडून मी हीटरचे व्होल्टेज अगदी सावकाश वाढवत नेले. २० व्होल्टवर ०.०६२ अँपिअर, ३० वर ०.०७८, ३८ वर ०.०९०, आणि ४५ वर ०.०९९. कॅथोडच्या टोकाशी ईएल८४च्या ओळखीचा तोच नारिंगी उजेड आला तेव्हा मला मान्य करावे लागले की तो आदल्या दिवशीही असाच पेटला असता, फक्त मी त्याला जेवायला एक घास वाढून उपाशी ठरवले होते. या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगायला हवी. हीटर स्वतःहून ‘बस, एवढे पुरे’ असे सांगत नाही. त्याचा आलेख एकसंध चढत जातो आणि त्यावर कुठेही टोक किंवा वळण नसते. त्यामुळे आधी तक्त्यातून संभाव्य नावे निवडायची आणि प्रत्येकाचे व्होल्ट व करंट यांची जोडी आलेखावर बसते का ते पाहायचे, असा उलटा मार्ग धरावा लागतो. ३८ व्होल्टला ०.०९० येत असल्यामुळे यूवाय८५ बसत नव्हता, आणि तसाही तो रेक्टिफायर असल्याने त्यात ग्रिड नसतात. ५० व्होल्टांचा यूसीएल८२ अगदी जवळून जातो, पण त्याच्या काचेत ट्रायोडची वेगळी लहान प्लेट दिसायला हवी होती. उरला यूएल८४, पंचेचाळीस व्होल्ट आणि ०.१ अँपिअर.

इथे थांबायला हरकत नव्हती. परंतु आदल्या दिवशी पिनांचा तक्ता जुळल्यावर मी असाच थांबलो होतो, म्हणून या वेळी व्हॉल्व्हकडून काम करवून घेऊनच नाव लिहायचे असे ठरवले. ईएल८४ आणि यूएल८४ या दोन नावांत एल आणि चौऱ्याऐंशी सारखेच असल्यामुळे हीटर सोडला तर आतला व्हॉल्व्ह एकच असेल असा समज होतो आणि तो साफ चुकीचा आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओत प्लेटला २५० व्होल्ट मिळण्याची शक्यताच नसते; म्हणून यूएल८४ची रचना थोड्या व्होल्टेजवर जास्त करंट देण्यासाठी केली आहे. त्याचा खरा जुळा भाऊ पीएल८४, आणि ६.३ व्होल्टांच्या घरातला ईएल८६. हा ईएल८६ तर अधिकच फसवा आहे, कारण त्याचा हीटरही ईएल८४प्रमाणेच ०.७६ अँपिअर घेतो आणि पिनाही तशाच आहेत. नाव पुसलेला ईएल८६ हाती आला असता तर ओहममीटरने मला काहीही सांगितले नसते, आणि मी आजही त्याला ईएल८४ म्हणत बसलो असतो.

दोघांतला फरक स्क्रीन ग्रिडच्या प्रभावात आहे. ईएल८४मध्ये स्क्रीनच्या व्होल्टेजचा कॅथोडवर होणारा परिणाम पहिल्या ग्रिडच्या मानाने एकोणिसाव्या हिश्श्याइतका असतो, यूएल८४मध्ये तो आठव्या हिश्श्याइतका. स्क्रीनला १७० व्होल्ट दिले तर ईएल८४ बंद पाडायला पहिल्या ग्रिडवर सुमारे उणे नऊ व्होल्ट पुरतात. यूएल८४ला एकवीसच्या आसपास लागतात. तक्त्यानुसार प्लेट आणि स्क्रीन दोन्हीवर १७० व्होल्ट आणि ग्रिडवर उणे साडेबारा असताना नव्या यूएल८४मधून ७० मिलिअँपिअर करंट वाहतो. त्याच परिस्थितीत ईएल८४ मात्र जवळजवळ झोपलेला असला पाहिजे.

ही चाचणी करताना पहिल्याच फटक्याला एक गंमत झाली. ग्रिडसाठी नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या आणि व्होल्टेज कमीजास्त करायला एक पॉट, हीटरसाठी तोच सप्लाय, प्लेट आणि स्क्रीनसाठी आयसोलेट केलेले १७० व्होल्ट असा सरंजाम टेबलावर मांडला आणि क्रम पाळून सगळे चालू केले, म्हणजे आधी हीटर, मग ग्रिडचे उणे व्होल्टेज, मग प्लेट आणि सर्वांत शेवटी स्क्रीन. प्लेटला व्होल्टेज नसताना स्क्रीनला ते मिळाले तर सगळा भार त्या बारीक तारांवर पडून त्या लाल होतात. मीटरवर आकडा आला खरा, पण तो स्थिर राहीना. माझा हात सॉकेटजवळ गेला की तो वाढे, दूर नेला की घटे. एवढ्या तीव्र व्हॉल्व्हला लांबलचक वायरी जोडल्या की तो मनाने रेडिओ ट्रान्समीटर होऊन बसतो आणि मोजमापाला काही अर्थ उरत नाही. ग्रिडच्या पिनेला अगदी चिकटून १ किलोओहमचा आणि स्क्रीनच्या पिनेजवळ १०० ओहमचा रेझिस्टर लावल्यावर तो शहाण्यासारखा वागू लागला.

उणे साडेबारा व्होल्टवर ५४ मिलिअँपिअर. ग्रिड एक व्होल्टने सैल केली, उणे साडेअकरावर आणली, तेव्हा ६२. म्हणजे एका व्होल्टाला आठ मिलिअँपिअर, आणि नव्या यूएल८४कडून दहाची अपेक्षा असते. सत्तरच्या जागी चोपन्न आणि दहाच्या जागी आठ हे आकडे वापरून झालेल्या, पण पुष्कळ आयुष्य शिल्लक असलेल्या व्हॉल्व्हचे आहेत. मग कपाटातला, काचेवर नाव शाबूत असलेला एक ईएल८४ काढला, हीटरला ६.३ व्होल्ट लावले, बाकी मांडणीतली एकही वायर न हलवता तो त्याच सॉकेटमध्ये बसवला आणि ग्रिड परत उणे साडेबारावर नेली. मीटरने जेमतेम एक मिलिअँपिअर दाखवला. या एका तुलनेनंतर माझ्या मनात शंका उरली नाही. अमेरिकन पद्धतीने त्याच यूएल८४ला ४५बी५ म्हणतात आणि तिथे सुरुवातीचा आकडाच हीटरचे व्होल्ट सांगतो. आपल्याकडे जी पद्धत रुळली तिने हीटरची माहिती एका अक्षरात गुंडाळली आणि ई व यू यांच्यातला फरक विक्रेत्याच्या कानाला कधी जाणवलाच नसावा. तो चौऱ्याऐंशी म्हणाला होता, आणि तेवढे बरोबरच होते.

यूएल८४ला गिटारवाले विचारत नाहीत, त्यामुळे पैशाच्या दृष्टीने माझा फायदा काही झाला नाही. पण हीटरांची माळ असलेला एक जुना टेबल रेडिओ माझ्याकडे कित्येक महिने मुका पडून आहे आणि त्याच्या आउटपुट व्हॉल्व्हच्या काचेला तडा गेलेला आहे. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दोनदा विचारूनही तसा व्हॉल्व्ह मिळाला नव्हता. आता मिळाला. तो रेडिओत बसवण्यापूर्वी ग्रिडकडे जाणारा, फक्त सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा कपलिंग कंडेन्सर बदलायचा आहे, कारण तो गळका निघाला तर ग्रिडचे उणे व्होल्टेज नाहीसे होऊन हा व्हॉल्व्ह पहिल्या संध्याकाळीच भाजून निघेल. तोपर्यंत त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून डबीत ठेवले आहे आणि चिठ्ठीवर नाव, ६८ ओहम, ५४ मिलिअँपिअर आणि तारीख एवढे लिहिले आहे. काचेवर मी काहीही लिहिलेले नाही.

त्या सौद्यातले उरलेले दोन लहान व्हॉल्व्ह काल रात्री हाती घेतले. दोन्हींत दोन-दोन प्लेट आहेत, चार आणि पाच या पिनांमध्ये थंड असताना साडेतेरा ओहम येतात, आणि नऊ नंबरच्या पिनेपासून दोन्हीकडे त्याच्या निम्मे. म्हणजे मधून फाटा काढलेला १२.६ व्होल्टांचा हीटर, दुहेरी ट्रायोड, ईसीसी गट. पण ईसीसी८१, ईसीसी८२ आणि ईसीसी८३ या तिन्हींचा हीटर एकच आहे, पिनाही त्याच आहेत, आणि ओहममीटर त्यांच्यात कसलाही भेद करू शकत नाही. एकाचे ॲम्प्लिफिकेशन साठच्या आसपास, दुसऱ्याचे सतरा, तिसऱ्याचे शंभर. ग्रिडच्या बॅटऱ्या त्यामुळे टेबलावर तशाच ठेवल्या आहेत.